दुष्काळातून उरलेल्यांचं डोंगरावरचं प्रवचन

मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू लोकांना आधी पाखरं दाखवतो आणि मग रानातली फुलं. पाखरं पेरणी करत नाहीत, कोठारं बांधत नाहीत, तरी त्यांचं पोट भरतं. फुलं सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजाच्या झग्याहून देखणी दिसतात. मग तुम्ही उद्याची काळजी कशाला वाहता, असं तो विचारतो. जगभरच्या मंडळ्यांत हा उतारा आवडीनं वाचला जातो. कॅलेंडरवर छापतात, लग्नपत्रिकेवरही घालतात. मला मात्र तो कधी नुसता गोड वाटला नाही. मी वाशीमची. माझ्या आजीनं हा उतारा पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती आणि तिच्या घरचं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. साल १९०० होतं.

देवानं निसर्गातून शिकवावं आणि माणसानं शिकून नवं व्हावं, ही ख्रिस्ती धर्मातली जुनी वाट. पण ज्या निसर्गानं आईबाप नेले त्याच निसर्गाकडे बोट दाखवून जेव्हा कुणी म्हणतं की बघ, देव कसा पोसतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं? वऱ्हाडातल्या ख्रिस्ती लोकांच्या इतिहासात हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. मिशनच्या अहवालांत तो सापडत नाही. तिथे बाप्तिस्म्यांचे आकडे असतात, बांधकामांचा खर्च असतो. तो आमच्या घरातल्या बोलण्यात होता.

आधी त्या दुष्काळाचं सांगते. तेव्हा वाशीमला बासिम म्हणत आणि तो स्वतंत्र जिल्हा होता. बासिम, मंगरूळ आणि पुसद असे त्याचे तीन तालुके. १८९१च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती सुमारे ३ लाख ९८ हजार होती. १९०१मध्ये ती सुमारे ३ लाख ५३ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं कमी झाली. १८९९चा पावसाळा फसला हे खरं, पण माणसं केवळ पावसानं मेली नाहीत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडची काळी जमीन एकाएकी सोन्याच्या भावाची झाली. त्याच दशकात अकोल्यावरून रेल्वे गेली. ज्वारीची शेतं पऱ्हाटीखाली आली. पेवांत साठवायचा दाणा कमी झाला आणि हातात खेळता पैसा आला. पण तो पैसा मजुराच्या हाती टिकणारा नव्हता. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं पुस्तक १९९७मध्ये निघालं. ते वाचताना मला आजीच्या घरच्यांचं मरण पहिल्यांदा कळलं. तोवर ते मला आभाळातून पडलेलं वाटायचं.

आजीला तिच्या मामानं बुलढाण्याला मिशनच्या अनाथाश्रमात नेऊन सोडलं. मामा परत गेला, त्याचं पुढे काय झालं ते तिला कधी कळलं नाही. बुलढाण्याला अमेरिकेतून आलेली मंडळी १८९८मध्येच येऊन राहिली होती. पुढे १९०८मध्ये अमेरिकेत ज्या पंथांच्या एकत्र येण्यातून चर्च ऑफ द नाझरीन उभं राहिलं, त्यांतल्या एका पंथाची ही माणसं. बासिमला मेथडिस्ट मिशन होतं. १९३०च्या दशकात त्यांचं आवार नाझरीन मंडळीकडे आलं आणि मेथडिस्टांच्या जुन्या मुलींच्या शाळेच्या इमारतीत १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. गावाच्या तोंडी तो मिशन दवाखाना. माझी आई तिथे नर्स होती, मी त्याच आवारात लहानाची मोठी झाले. मिशनच्या इतिहासाचं इतकं पुरे.

या पंथाच्या श्रद्धेत रानाला आधीपासून जागा होती. अमेरिकेत १८६७ साली न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथे पवित्रतेच्या शिकवणीसाठी मोठा मेळा भरला. तिथून तंबू, झाडं आणि उघडं आभाळ यांखाली भरणाऱ्या मेळाव्यांची रीत देशभर पसरली. घर, दुकान आणि रोजचं जू मागे टाकून आठ-दहा दिवस झाडांखाली राहायचं, प्रार्थना करायची, नवं होऊन परतायचं. हीच माणसं वऱ्हाडात आली तेव्हा त्यांना इथला हिवाळा फार सोयीचा वाटला असणार. पावसाळा संपला, वाटा वाळल्या, की बैलगाडीत तंबू घालून गावोगाव फिरायचं, आमराईत मुक्काम ठोकायचा आणि संध्याकाळी कंदील लावून भजन करायचं. आमच्या लहानपणीही वार्षिक सभा मांडवातच व्हायच्या. जेवण चुलीवर शिजायचं, झोपायला कडबा पसरलेला असायचा. उपदेशकाचा आवाज आणि कडब्याचा वास माझ्या मनात अजून एकत्रच येतात.

पण परदेशी माणसानं आणलेला निसर्गाचा धडा आणि इथल्या मातीनं शिकवलेला धडा यांत फरक पडतो. मराठी ख्रिस्ती माणसाला तो फरक दोन थोर माणसांनी दाखवून दिला.

पहिले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३च्या सुमाराला ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीच्या डब्यात एक युरोपीय दिसणारा गृहस्थ भेटला, त्यानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. तो गृहस्थ फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असं सांगितलं जातं. वॉर्ड यांचं काम १८८१पासून बऱ्हाणपूर आणि वऱ्हाड या पट्ट्यात होतं. टिळकांना त्या पुस्तकात सर्वांत आधी धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं, म्हणजे पाखरं आणि फुलं ज्यात येतात त्याच भागानं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा माणूस पुढे फुलामुलांचा कवी म्हणून ओळखला गेला, ‘वनवासी फूल’ लिहिता झाला, यात मला योगायोग वाटत नाही. त्यांच्या श्रद्धेचा दरवाजाच त्या बाजूनं उघडला होता. त्यांनी येशूला अभंगात आणि ओवीत आणलं, आणि त्यामुळे आमच्यासारख्यांना रानातल्या फुलाकडे पाहताना इंग्लंडातल्या कुरणाची कल्पना करावी लागली नाही. १९१९च्या मे महिन्यात ते गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, वाशीमच्या आवारात, ज्यांना सही करता येत नव्हती अशा बाया त्यांची पदं जात्यावर म्हणत.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यातला. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला आणि रानात घर बांधलं. रमाबाईंची पहिली शाळा ते रान. आणि तीच रमाबाई सोळा वर्षांची असताना दक्षिणेतल्या दुष्काळात आईबापांना मुकली. म्हणजे रानाची माया आणि रानाची उपासमार दोन्ही एका आयुष्यात. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे त्यांनी सर्वांत आधी काय केलं? विहिरी खोदल्या, झाडं लावली. जून १९०५च्या अखेरीस केडगावला प्रार्थनेतून जे मोठं आध्यात्मिक जागरण झालं त्याबद्दल ख्रिस्ती जगात पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच वर्षी वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांतही तशी लाट होती. माझं लक्ष मात्र त्या विहिरींवर जातं. जिनं दुष्काळ भोगला ती पावसाच्या आशीर्वादावर प्रवचन देण्याआधी पाण्याची सोय करते.

आता आमच्या शेतांकडे येते, कारण खरं शिकणं तिथे झालं.

पेरणाऱ्याचा दृष्टांत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी पेरायला निघतो, काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. पॅलेस्टाईनमध्ये बी मुठीनं फेकून पेरत. वऱ्हाडात पेरणी तिफणीनं होते. पुढे बैल, मागे तिफण आणि चाड्यावर बाई. ती मुठीतून बी सोडते, ते नळ्यातून तासात जातं. ज्या बाईची मूठ चांगली तिचं पीक सारखं उगवतं, आणि अशा बाईला मृगात दहा घरची बोलावणी येतात. अशा बाईला सांगा की एका माणसानं बी वाटेवर टाकलं. ती म्हणेल, त्याला पेरायला लावलं कुणी? माझ्या आजोबांना, ते उपदेशक होते, एका खेड्यात नेमकं हेच ऐकावं लागलं असं ते सांगत. त्यांनी दृष्टांत सोडला नाही, पण तो आमच्या जमिनीवर आणला. मूठ चोख, तास सरळ, तरी एकाच वावरात तीन जमिनी असतात: धुऱ्याकडे बोराटी पसरलेली, चढावर मुरमाड बरड आणि खाली काळी कसदार. बरडावर पीक लवकर उगवतं, आठ दिवस हिरवंगार दिसतं, आणि पावसानं ओढ दिली की सगळ्यांत आधी माना टाकतं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मग आजोबा पुढे जायचे. बरड कायमची बरड राहते का? तलावातला गाळ टाकला, बांध घातला, शेणखत दिलं, तर चार-पाच वर्षांत तिथेही तूर उभी राहते. पुस्तकातल्या दृष्टांतात जमीन बदलत नाही. आजोबांच्या सांगण्यात ती बदलायची, आणि माणसाच्या नव्या होण्याबद्दल त्यांना जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं. कुणी याला मूळ वचनात भर घालणं म्हणेल. मी याला शेतकऱ्यानं शुभवर्तमान वाचणं म्हणते.

मोहरीच्या दाण्याचंही तसंच. आमच्याकडे मोहरीचं झाड होत नाही, कमरेइतकं रोप होतं, त्यात पाखरू घरटं बांधणार कसं? त्यामुळे उपदेशक वडाचं बी हातात घेत. बी पाखराच्या विष्ठेतून दगडी भिंतीच्या फटीत पडतं आणि पुढे भिंतच फोडतं, हे वाशीमसारख्या जुन्या गावात कुणी पाहिलेलं नाही?

आजीला मात्र दृष्टांतांपेक्षा रूथची गोष्ट जवळची होती. परक्या देशातली विधवा सून, सासूचं पोट भरायला दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. मोशेच्या नियमशास्त्रात तशी आज्ञाच आहे की शेताची कड सोंगू नका, पडलेली कणसं गरीब आणि परका यांच्यासाठी राहू द्या. आजीच्या आईनं त्या शेवटच्या वर्षी सरवा वेचला होता, आणि मग सरव्यालाही कणीस उरलं नव्हतं. एवढंच ती त्या वर्षाबद्दल बोलायची. पण तिच्या हाताखाली वाढलेल्या आम्हा सगळ्यांना सुगीत एक नेम होता: शेवटची तास सोंगायची नाही. शेत आमचं नव्हतं, वाट्यानं केलेलं होतं, मालक कुरकुरायचा, तरी ती तास उभी राहायची.

पाखरांचा उतारा ती कसा वाचायची? मी एकदा विचारलं, तेव्हा मी शाळेत होते. मंडळीत त्या दिवशी कुणीतरी फार रसाळ बोलून गेलं होतं, देव पाखरांना पोसतो तसा तुम्हाला पोसेल म्हणून. आजी तुरी निवडत होती. म्हणाली, “पाखराले पेरा लागत नाई, पर उडा तं लागते ना? बसल्या फांदीवर कोनाच्या तोंडात दाना पडते?” आणि लगेच योसेफाची गोष्ट काढली. फारोच्या स्वप्नातल्या सात लठ्ठ गाई आणि सात रोड गाई, सुकाळात भरून ठेवलेली कोठारं, आणि त्या कोठारांमुळे वाचलेले लोक. एकाच पुस्तकात एकीकडे कोठारं नसलेली पाखरं आहेत, दुसरीकडे कोठारं बांधणारा योसेफ आहे. तिचं म्हणणं असं की दोन्ही वाचा. एक वाचून दुसरं सोडलं तर माणूस एक तर आळशी होतो, नाही तर कंजूष. काळजी करू नको हे तिला कळत होतं, पण ते उपाशी माणसाला सांगायचं वाक्य नव्हे. ते भरल्या घरातल्यांना सांगायचं, म्हणजे त्यांच्या हातून दाणा सुटेल. इतकी वर्षं मी अनेक टीका वाचल्या, या उताऱ्याचा याहून नेमका अर्थ मला मिळालेला नाही.

निसर्गाचे धडे देणाऱ्यांच्या एका सवयीबद्दल मला इथे स्पष्ट बोललं पाहिजे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात द्राक्षवेलाची छाटणी आहे: माळी छाटतो, म्हणून फळ अधिक येतं. वाशीममध्ये द्राक्षं नाहीत, संत्री आहेत, मंगरुळपीरकडे बागाच्या बागा आहेत. संत्र्याला बहार धरायचा असेल तर ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, झाड थोडं सुकू द्यायचं, पानं पिवळी पडू द्यायची आणि मग पाणी सोडायचं. झाड फुलांनी भरून येतं. आमच्या भागातले पाळक संकटाबद्दल बोलताना हा ताण हमखास आणतात, आणि तो दाखला सुंदर आहे. आजारपण, अपयश, मुलाचं दूर जाणं, यांतून कितीजण खरोखर फुलून आलेले मी पाहिले आहेत. पण ताण बागायतदार मोजून देतो. जमीन किती भारी, झाड किती वयाचं, पानं किती गळली हे बघून तो दिवस ठरवतो, आणि वेळेवर पाणी सोडतो. १८९९चा दुष्काळ कुणी मोजून दिलेला नव्हता. त्याला देवाची छाटणी म्हणणं म्हणजे त्या पंचेचाळीस हजारांना छाटलेल्या फांद्या म्हणणं. हे मी कधीही मान्य करणार नाही. दुष्काळातून आजी वाचली, शिकली, तिची श्रद्धा उभी राहिली, पण ते दुष्काळामुळे नव्हे. कुणीतरी तिला भाकर दिली म्हणून.

ख्रिस्ती वर्ष आमच्या ऋतूंत कसं बसतं, त्यावरही एक अख्खा लेख होईल. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे आमच्याकडे पानगळीचे. सालई नागडी होते, आणि त्याच नागड्या रानात पळस पेटतो. उत्तम शुक्रवारी ऊन कडक असतं, पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे स्मशानभूमीत उपासना होते तेव्हा कडुनिंबाला नवी पालवी आणि मोहर असतो. आणि पन्नासाव्या दिवसाचा सण, पवित्र आत्मा उतरल्याचा, येतो मे-जूनमध्ये, जमिनीला भेगा पडलेल्या असताना आणि सगळे मृगाकडे डोळे लावून बसलेले असताना. नव्या जीवनाची वाट पाहायला याहून चांगला महिना कुठला?

आता पुन्हा शेत, कारण प्रश्न संपलेला नाही. २००६मध्ये केंद्र सरकारनं विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं, त्यांत वाशीम होता. पऱ्हाटीची जागा सोयाबीननं घेतली, म्हणजे पुन्हा बाजारासाठीचं पीक, घरात खायचा दाणा नव्हे. आमच्या हंगामाच्या उपासनेत पूर्वी वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंबाडी, एखादी कोंबडी असायची आणि नंतर त्यांचा लिलाव व्हायचा. आता बहुतेक पाकिटं येतात. एका वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागला, शेंगा झाडावरच फुटल्या. त्या वर्षीच्या उपासनेत एका बाईनं कोंब आलेलं सोयाबीन ताटात घालून आणलं आणि वेदीपुढे ठेवलं. लिलाव करणाऱ्याला काय बोलावं कळेना. पाळकसाहेबांनी ठरवलेलं प्रवचन बाजूला ठेवलं, आणि मंडळीतल्या कुणाकुणावर किती कर्ज आहे यावर पहिल्यांदा उघड बोलणं झालं. त्या बैठकीतून पुढच्या पेरणीसाठी बियाण्याचा एक साठा करायचं ठरलं. ज्याला जमेल त्यानं सुगीत घरचं निवडक बियाणं द्यायचं, ज्याला लागेल त्यानं मृगात न्यायचं. काही वर्षं तो साठा भरतो, काही वर्षं अर्धाच राहतो. योसेफाचं नाव त्याला कुणी दिलं नाही, पण मला ते तिथे दिसतं.

रविवारच्या शाळेत मी अजून मुलांना शिकवते. मत्तयचा सहावा अध्याय काढायच्या आधीच्या रविवारी त्यांना घरचा अभ्यास असतो: आठवडाभर पाहिलेली पाखरं लिहून आणा. टिटवी, राघू, साळुंकी, भारद्वाज, तितर येतात. चिमण्या पूर्वीपेक्षा कमी येतात. मागे एका मुलानं तणमोर लिहिला. त्याच्या वर्गातल्या फासेपारधी मित्रानं त्याला सांगितला होता. अकोला-वाशीमच्या गवताळ रानांत पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उंच उड्या मारतो. त्याची शिकार करणाऱ्या फासेपारध्यांपैकीच काही तरुण आता त्याला वाचवण्याचं काम करतात, कारण तो देशातूनच नाहीसा व्हायला आला आहे. मुलानं विचारलं, देव पाखरांना पोसतो तर मग हा का संपत चालला? मी त्याला सांगितलं की गवताचं रान आपण नांगरलं, आणि फवारलेलं खाऊन पाखरं मरतात. तो म्हणाला, म्हणजे पोसायचं काम देवानं आपल्याकडे दिलंय का? वर्गात बरीच वादावादी झाली. काही मुलांना ते पटलं नाही, देवाचं काम देवाचंच असं त्यांचं म्हणणं. पुढच्या पावसाळ्यात त्या मित्राबरोबर तणमोर बघायला जायचं आणि मग हा अध्याय पुन्हा वाचायचा, असं आम्ही ठरवलं आहे.